टेम्प्लेटमध्ये तारीख नको, अंतर ठेवा : सबटास्कच्या मुदती कशा लावाव्यात

प्रश्न थोडक्यात असा आहे. लातूरला घरांच्या छतांवर सोलर बसवायचं काम. माणसं मोजकी आणि ऑर्डरी एकाच वेळी बऱ्याच चालू. प्रत्येक ऑर्डरचे टप्पे सारखेच असतात, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये एक टेम्प्लेट, म्हणजे दर ऑर्डरला वापरायचा साचा केला आणि मुख्य कामांखाली सबटास्क, म्हणजे त्यातली छोटी कामं लिहिली. पण नव्या ऑर्डरला टेम्प्लेट लावलं की सबटास्कवर एकतर मागच्या ऑर्डरच्या तारखा येतात, नाहीतर सगळ्यांवर मुख्य कामाचीच तारीख बसते. पहिल्याच दिवशी निम्मी यादी लाल, म्हणजे मुदत उलटलेली. पोरांनी आता यादी उघडणंच सोडलंय. मग मुदती टेम्प्लेटमध्येच नीट बसवता येतात का, की दर वेळी हातानेच भरायच्या?

बसवता येतात, आणि तिथेच बसवायला हव्यात. वाळूजच्या मशीन बनवणाऱ्या कारखान्यांसाठी आणि पुढे जालना, लातूरकडच्या कंत्राटदारांसाठी मी बरीच वर्षं कामांची वेळापत्रकं बांधतोय. तुमच्यासारखं लाल झालेलं टेम्प्लेट मला जवळजवळ प्रत्येक ठिकाणी दिसतं, आणि कारण बहुतेक वेळा एकच असतं. टेम्प्लेट बनवणाऱ्याने सबटास्कला तारीख दिलेली असते. टेम्प्लेटमध्ये तारीख नसते, अंतर असतं. ‘सर्व्हे ९ डिसेंबरला’ हे एका ऑर्डरचं वेळापत्रक झालं. ‘सर्व्हे आगाऊ रक्कम जमा झाल्यावर १ कामाच्या दिवसात’ हे टेम्प्लेट झालं.

इथपर्यंत पुष्कळांना कळतं. अडतं ते पुढे, कारण अंतर म्हटलं की ते कुठून मोजायचं हा प्रश्न येतो. त्या मोजणीच्या जागेला मी खुंटी म्हणतो. प्रत्येक सबटास्क कोणत्या ना कोणत्या खुंटीला बांधलेला असतो. तुमच्या टेम्प्लेटमध्ये सगळे सबटास्क एकाच खुंटीला, म्हणजे ऑर्डरच्या तारखेला बांधलेले असणार. म्हणून एक गोष्ट सरकली की बाकीच्या सगळ्या तारखा खोट्या पडतात.

आपल्या कामात खुंट्या चार प्रकारच्या असतात. पहिली, सुरुवात. तुमच्याकडे ती आगाऊ रक्कम जमा झाल्याचा दिवस असावी. फोनवर ‘हो’ म्हटल्याचा दिवस धरू नका. तो ‘हो’ आणि पैसे यांच्यात किती दिवस जातात ते तुम्हाला माहीतच आहे. सर्व्हे, कागदपत्रं, पोर्टलवरचा अर्ज, साहित्याची ऑर्डर हे सगळं या खुंटीला.

दुसरी, शेवट. तुमच्या कामात ती कमी लागेल, पण वाळूजच्या कारखान्यांत सगळा संसार तिच्यावरच चालतो. मशीन ३१ मार्चच्या आत ग्राहकाच्या गेटवर हवं, मग पॅकिंग, त्याआधी रंग, त्याआधी ग्राहकाची तपासणी असं उलटं मोजत यायचं. उलट्या मोजणीचा धोका लक्षात ठेवा. टेम्प्लेटची एकूण लांबी ४० कामाचे दिवस असेल आणि ऑर्डरच शेवटाच्या ३० दिवस आधी आली, तर पहिल्या १० दिवसांचे सबटास्क जन्मतःच मुदत उलटून गेलेले येतात. अशा वेळी बरेच जण सगळी अंतरं सारख्या प्रमाणात दाबतात. ते करू नका. रंग वाळायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागणारच. कोणतं काम समांतर चालेल, कोणतं बाहेरून करून घ्यायचं, हे बसून ठरवा, आणि ते जमत नसेल तर ग्राहकाशी त्याच दिवशी बोला. त्यासाठी टेम्प्लेटच्या नावातच लांबी लिहून ठेवायची सवय लावा : ‘३ किलोवॉट घरगुती, २४ कामाचे दिवस’. ऑर्डर घेणाऱ्याला मग तारीख कबूल करण्याआधी आकडा समोर दिसतो.

ही लांबी काढायची ती सगळ्या सबटास्कची बेरीज करून नव्हे. एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांची जी साखळी सगळ्यात लांब, तिचीच लांबी धरायची. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या रासायनिक कारखान्यांच्या कामासाठी ही ‘क्रिटिकल पाथ’ पद्धत बसवली गेली, आणि मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टसारखी वेळापत्रकाची सॉफ्टवेअरं आत तेच गणित करतात. तुमच्यासाठी एवढंच पुरे : त्या साखळीतला सबटास्क एक दिवस उशिरा झाला की पूर्ण काम एक दिवस उशिरा होतं. साखळीबाहेरच्या कामाला थोडी सवड असते.

तिसरी खुंटी, आधीचं काम. सांगाडा उभा राहिल्याशिवाय पॅनेल चढत नाहीत, मग पॅनेलची मुदत ऑर्डरच्या तारखेपासून मोजण्यात काय अर्थ? ती ‘सांगाडा पूर्ण + २ दिवस’ अशीच हवी. सॉफ्टवेअरमध्ये याला डिपेंडन्सी म्हणतात. पण डिपेंडन्सीची नुसती रेघ ओढली म्हणून तारीख आपोआप सरकेलच असं नाही. काही सॉफ्टवेअर फक्त इशारा देतात, काही तारीख सरकवतात, आणि काहींमध्ये हे सेटिंग वेगळं चालू करावं लागतं. ते तपासायची सोपी रीत खाली सांगतो.

चौथी खुंटी सगळ्यात त्रासाची : बाहेरची घटना. वीज कंपनीची मंजुरी, नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारं मीटर), बँकेचं कर्ज मंजूर होणं, पुरवठादाराकडून इन्व्हर्टर येणं. या तारखा तुमच्या हातात नाहीत, तरी टेम्प्लेटमध्ये ‘नेट मीटर बसवणे, २० वा दिवस’ असा सबटास्क एखाद्या मुलाच्या नावावर लावलेला असतो. विसाव्या दिवशी तो लाल होतो. त्या मुलाने त्यात काय करायचं? दोन-तीन ऑर्डरींत त्याला कळतं की लाल रंगाचा आपल्याशी संबंध नाही, आणि मग जे लाल त्याच्याच हातातलं असतं तेही तो बघत नाही. तुमची यादी बंद पडण्याचं मुख्य कारण माझ्या मते हे आहे.

म्हणून बाहेरच्या घटनेवरचं काम कायम तीन तुकड्यांत लिहा. पहिला तुकडा आपला : ‘अर्ज कागदपत्रांसह दाखल करणे’. याला कडक मुदत आणि एका माणसाचं नाव. दुसरा तुकडा नुसता टप्पा : ‘मीटर बसले’. याला अपेक्षित तारीख ठेवा, पण कुणाच्या नावावर टाकू नका. तिसरा तुकडा पाठपुरावा : ‘अर्जाची स्थिती बघणे’, दाखल केल्यापासून दर ४ कामाच्या दिवसांनी परत येणारा, आणि टप्पा पूर्ण झाला की बंद होणारा. वाट बघणं हे काम नसतं, चौकशी करणं हे काम असतं आणि मुदत त्यालाच लागते. मीटर बसल्यानंतरचे सबटास्क मग ऑर्डरच्या तारखेला न बांधता त्या टप्प्याला बांधायचे. कमिशनिंग रिपोर्ट (सोलर चालू झाल्याचा अहवाल), ग्राहकाकडून पोर्टलवर बँकेचा तपशील भरून घेणं हे सगळं त्यात आलं. केंद्राच्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे. ग्राहकाचं लक्ष त्या रकमेकडे असतं, त्यामुळे तो बँकेचा सबटास्क ‘मीटर + १ दिवस’ असा घट्ट ठेवा. तिथला उशीर ग्राहक विसरत नाही.

नियमांमुळेही खुंटी बदलते, हेही लक्षात असू द्या. २०२४ पासून १० किलोवॉटपर्यंतच्या घरगुती अर्जांना वेगळी तांत्रिक व्यवहार्यता तपासणी लागत नाही, अर्ज मान्य धरला जातो. जुन्या टेम्प्लेटमध्ये ‘व्यवहार्यता मंजुरीची वाट’ म्हणून ठेवलेले दिवस अजून तसेच पडून असतील तर लहान ऑर्डरींसाठी ते काढा. मोठ्या, म्हणजे शाळा, मंगल कार्यालय, डाळ मिल यांच्या कामांसाठी वेगळं टेम्प्लेट करा. एकाच टेम्प्लेटमध्ये दोन्ही बसवायचा मोह होतो, पण मग प्रत्येक ऑर्डरला निम्मे सबटास्क पुसत बसावं लागतं.

आता दिवस म्हणजे कोणता दिवस, हे बघू. इथे जरा थांबून उदाहरण घेऊ, कारण बहुतेक टेम्प्लेटं इथेच गळतात.

समजा, आगाऊ रक्कम सोमवारी, ८ डिसेंबर २०२५ ला जमा झाली. टेम्प्लेटमध्ये लिहिलंय : ‘साहित्य साइटवर, १० दिवसांत’. सॉफ्टवेअर सरळ दिवस मोजत असेल तर उत्तर येतं १८ डिसेंबर. शनिवार-रविवार सुट्टी धरत असेल (बाहेर बनलेल्या बहुतेक सॉफ्टवेअरचं कॅलेंडर असंच असतं) तर येतं २२ डिसेंबर. तुम्ही सेटिंगमध्ये जाऊन फक्त रविवार सुट्टी केलीत तर येतं १९ डिसेंबर, शुक्रवार. आणि १९ डिसेंबर २०२५ म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी लातूर-धाराशिवच्या पट्ट्यात अख्खं गाव रानात असतं, कडब्याच्या खोपीसमोर आंबिल आणि भज्जी चाललेली असते, टेम्पोवाला मिळत नाही, हमाल मिळत नाही आणि ग्राहक स्वतःही घरी नसतो. ती सुट्टी कॅलेंडरमध्ये घातली की उत्तर येतं २० डिसेंबर, शनिवार. हे चौथं उत्तर खरं. एकाच ‘१० दिवसां’ची चार उत्तरं आली आणि सॉफ्टवेअरने एकदाही चूक दाखवली नाही.

म्हणून टेम्प्लेटला हात लावण्याआधी कॅलेंडर करा. साप्ताहिक सुट्टी कोणती, ते तुमच्याप्रमाणे ठरवा. औद्योगिक वसाहतीतल्या फॅब्रिकेटरची सुट्टी रविवारीच असेल असं नाही, त्याच्याकडून येणाऱ्या कामाला त्याचा वार धरावा लागतो. सरकारी सुट्ट्यांची यादी आयती मिळते, पण आपल्याकडचे दिवस त्यात नसतात : पोळा, महालक्ष्म्यांचे तीन दिवस, वेळ अमावस्या. १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, सकाळी ध्वजवंदन असतं. तो अर्धा दिवस धरायचा की पूर्ण, ते आपापलं ठरवा. सुट्ट्या कॅलेंडरमध्ये ठेवा, टेम्प्लेटच्या अंतरात मिसळू नका. ‘डिसेंबरात एखादी सुट्टी येते, म्हणून १० ऐवजी ११ लिहू’ असं केलं की तेच टेम्प्लेट फेब्रुवारीत चुकतं. दरवर्षी नवीन पंचांग हातात आलं की सुट्ट्यांची यादी एकदा भरायची.

सगळीच कामं मात्र कामाच्या दिवसांत मोजायची नसतात. सांगाड्याच्या पायांसाठी छतावर काँक्रीटचे ठोकळे ओतता ना, त्यांचं क्युरिंग, म्हणजे पाणी मारून ओलं ठेवणं, रविवारी थांबत नाही. भारतीय मानक ४५६ प्रमाणे साध्या ओपीसी सिमेंटला किमान ७ दिवस ओलं ठेवायचं, आणि पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला १०. दुकानात बहुतेक पीपीसीच मिळतं, म्हणजे १० धरा. वरच्याच ऑर्डरमध्ये ठोकळे गुरुवारी, ११ डिसेंबरला ओतले तर पाणी मारायचं २१ डिसेंबर, रविवारपर्यंत. हे १० दिवस सरळ दिवस आहेत. कॅलेंडरमधल्या सुट्ट्या यात वगळल्या तर सॉफ्टवेअर २४ डिसेंबर सांगेल आणि सांगाड्याचं काम उगाच मागे पडेल. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये यासाठी ‘इलॅप्स्ड’, म्हणजे सुट्ट्या न वगळता मोजलेल्या दिवसांची वेगळी सोय आहे. ज्या सॉफ्टवेअरमध्ये ती नाही तिथे या सबटास्कची शेवटची तारीख हाताने भरावी लागते, तेवढा एक अपवाद चालेल.

आणि क्युरिंग हा सबटास्क कुणाच्या नावावर असतो, ते बघा. १४ ला रविवार, १९ ला वेळ अमावस्या, २१ ला परत रविवार. त्या तीन दिवशी छतावर पाणी कोण मारणार? घरमालक मारणार असेल तर त्याला सांगणं हाही एक सबटास्क आहे, ठोकळे ओतल्याच दिवशीचा. उन्हाळ्यात तर त्याच्याआधी ‘पाण्याची सोय विचारणे’ हवा. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या शहरात एप्रिल-मेला छतावर दहा दिवस पाणी मारायचं म्हणजे टँकर कोण मागवणार, हे आधी ठरलेलं बरं.

आता सबटास्क किती ठेवायचे? माझं मत स्पष्ट आहे. मुदत फक्त त्या सबटास्कला द्या जिथे काम एका माणसाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातं, किंवा ज्याच्या उशिरामुळे दुसरं कुणीतरी अडतं. बाकी सगळं चेकलिस्टमध्ये. सर्व्हेत छताचं माप घेणं, सकाळी ९ ते दुपारी ३ सावली कुठे पडते ते बघणं, वीज बिलावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं का ते तपासणं, मंजूर भार लिहून घेणं, फोटो काढणं, हे सगळं एकच माणूस एकाच फेरीत करतो. त्याचे पाच सबटास्क आणि पाच मुदती कशाला? एक सबटास्क ‘सर्व्हे अहवाल ऑफिसला देणे’, आत पाच ओळींची चेकलिस्ट. पण त्यातलं नाव जुळत नसेल तर अर्ज अडतो, म्हणून ‘नावात तफावत असल्यास ग्राहकाला त्याच दिवशी कळवणे’ हा वेगळा सबटास्क, मुदतीसह. ट्रेलो या कामांच्या याद्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये साध्या चेकलिस्टच्या ओळीला तारीख लागत नाही, त्यासाठी पैसे भरून घेतलेला प्लॅन लागतो. कित्येक जण त्याचं वाईट वाटून घेतात. मला ते सोयीचंच वाटतं, कारण तारीख लावण्याआधी विचार करावा लागतो.

एका दिवसापेक्षा जास्त चालणाऱ्या सबटास्कला सुरुवातीची तारीखही द्या. नुसती शेवटची तारीख दिली तर तो सबटास्क माणसाच्या ‘आज’च्या यादीत शेवटच्याच दिवशी उगवतो, आणि चार दिवसांचं काम एका दिवसात दिसतं.

मुख्य काम आणि सबटास्क यांच्या तारखांचं नातं प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये वेगळं असतं. तुमच्याकडे सगळ्यांवर मुख्य कामाची तारीख बसते, त्याचं मूळ इथेच कुठेतरी असणार.

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये मुख्य कामाची तारीख सबटास्कवरून आपोआप ठरते. तिथे कटकट वेगळी आहे. टेम्प्लेटमध्ये सबटास्कच्या सुरुवातीच्या रकान्यात तुम्ही हाताने तारीख टाइप केलीत, तर सॉफ्टवेअर ती नुसती माहिती म्हणून घेत नाही, ‘या तारखेच्या आधी सुरू करू नये’ अशी अट म्हणून बसवतं. मग नव्या ऑर्डरला प्रोजेक्टची सुरुवात बदलली तरी तो सबटास्क जुन्याच तारखेला चिकटून राहतो. तुमच्या टेम्प्लेटमध्ये मागच्या ऑर्डरच्या तारखा दिसत असतील आणि हे सॉफ्टवेअर असेल तर अटींचा रकाना उघडा. प्रत्येक सबटास्कवर ‘शक्य तितक्या लवकर’ करा, आणि तारखा टाइप न करता कालावधी आणि डिपेंडन्सी भरा. वचनाची तारीख दाखवायची असेल तर ‘डेडलाइन’ हा वेगळा रकाना आहे. तो वेळापत्रक हलवत नाही, काम त्या तारखेपलीकडे गेलं की फक्त लाल खूण दाखवतो. त्यासाठीच तो आहे.

आसानामध्ये प्रोजेक्ट टेम्प्लेट करताना तारखा प्रोजेक्टच्या सुरुवातीपासून मोजायच्या की शेवटापासून, ते ठरवता येतं, आणि मग प्रत्येक कामाला ‘इतक्या दिवसांनी’ असं अंतर देता येतं. मुख्य कामाची तारीख मात्र सबटास्क सरकला म्हणून आपोआप सरकत नाही. आणखी एक : सबटास्क आपोआप प्रोजेक्टचा भाग होत नाहीत, त्यामुळे प्रोजेक्टच्या कॅलेंडरवर ते दिसत नाहीत. महत्त्वाचा सबटास्क असेल तर तो प्रोजेक्टमध्ये वेगळा जोडा, नाहीतर सरळ मुख्य काम करून टाका. क्लिकअपमध्ये टेम्प्लेट लावताना तारखा नव्याने मांडण्याचा पर्याय येतो. नवी सुरुवात दिली की आतल्या तारखा सरकतात. म्हणजे तिथे टेम्प्लेटमध्ये खऱ्या तारखा असल्या तरी चालतं, फक्त त्यांच्यातली अंतरं बरोबर हवीत आणि तो पर्याय निवडायला विसरायचं नाही. न निवडता टेम्प्लेट लावलं की जुन्या तारखा जशाच्या तशा येतात. जिरामध्ये सबटास्क तयार झाला की त्याची मुदत अमुक दिवसांनी लावायचा ऑटोमेशनचा नियम लिहावा लागतो. या सोयी प्लॅननुसार बदलतात, तेव्हा पैसे भरण्याआधी चाचणी मुदतीतच तपासून घ्या.

यातलं काहीच नसेल तर गूगल शीट पुरेसं आहे, आणि खरं सांगायचं तर टेम्प्लेटची अंतरं मी आधी शीटमध्येच बसवतो. एका रकान्यात सबटास्क, दुसऱ्यात खुंटी, तिसऱ्यात अंतर, चौथ्यात तारीख. तारखेसाठी ‘वर्कडे डॉट आयएनटीएल’ (WORKDAY.INTL) हे सूत्र वापरायचं. त्यात पहिल्या जागी खुंटीची तारीख, दुसऱ्या जागी दिवस, तिसऱ्या जागी ११ लिहिलं की फक्त रविवार सुट्टी धरली जाते (फक्त शुक्रवारसाठी १६), आणि चौथ्या जागी तुमची सुट्ट्यांची यादी. दिवस उणे लिहिले की उलटी मोजणी होते. वरचं ८ डिसेंबरचं उदाहरण त्यात घालून बघा, २० डिसेंबर यायला हवं. क्युरिंगसाठी सूत्र नको, तारखेत साधे १० मिळवा.

आता ती तपासणीची रीत. टेम्प्लेट तयार झालं की त्यावरून एक खोटी ऑर्डर तयार करा आणि मुद्दाम अडचणीच्या आठवड्यात सुरू करा, दिवाळीच्या आधीचा सोमवार घ्या. बघा, सुट्टीच्या दिवशी एखादा सबटास्क पडतोय का. मग सुरुवात एक आठवडा पुढे ढकला. सगळं सरकलं का, की काही सबटास्क जागेवरच राहिले? जे राहिले त्यांच्यात हाताने टाकलेली तारीख आहे. मग मधलाच एक सबटास्क, समजा सांगाडा, तीन दिवस उशिरा पूर्ण झाला असं दाखवा. पॅनेलची तारीख सरकली तर डिपेंडन्सी जिवंत आहे. खऱ्या ऑर्डरीत हे रोज घडणार आहे : घरात लग्न आहे, छतावर मांडव आहे, ‘दादा, तेवढं लग्न झाल्यावर या’ असा फोन येणारच. तेव्हा तुम्ही एक खुंटी सरकवायची आणि बाकीचं आपोआप व्हायचं.

राखीव दिवसांबद्दल बऱ्याच ठिकाणी गैरसमज आहे. प्रत्येक सबटास्कमध्ये एक-एक दिवस जास्तीचा लपवू नका. माणसाला तीन दिवस दिले की काम तीन दिवसांवर जातं, आणि लवकर झालेलं काम कुणी लवकर पुढे देत नाही. अंतर खऱ्या कामाचं ठेवा आणि राखीव दिवस मुख्य कामाच्या शेवटी, ‘राखीव’ याच नावाच्या सबटास्कमध्ये, सगळ्यांना दिसतील असे ठेवा. ते किती खर्च झाले हे बघितलं की काम कुठल्या दिशेने चाललंय ते कळतं. ग्राहकाला सांगायची तारीख ही राखीव दिवस धरून आलेली मुख्य कामाची तारीख. सबटास्कच्या तारखा ग्राहकाला दाखवू नका. त्याला ‘मंगळवारी ठोकळे’ कळलं आणि ते बुधवारी झाले, तर काम वेळेत असूनही त्याला ते उशिराचं वाटतं.

ऋतूंसाठी टेम्प्लेट वेगळं करायची गरज नाही, अंतरं बदलायची. पाऊस पडला की पेरणीला मजूर गावाकडे जातो, दसऱ्यानंतर बीडकडचे बरेच हात ऊसतोडीला जातात. सांगाडा आणि पॅनेल या दोनच मुख्य कामांची अंतरं जूनमध्ये आणि दसऱ्याला बघून घ्या. ऑफिसच्या कामांना याने फरक पडत नाही.

टेम्प्लेटमध्ये माणसांची नावं घालू नका, भूमिका घाला : सर्व्हेवाला, ऑफिस, फिटर, इलेक्ट्रिशियन. ऑर्डर सुरू करताना भूमिकेला नाव द्यायचं. नाहीतर सोडून गेलेल्या मुलाच्या नावावर सहा महिने सबटास्क पडत राहतात.

अंतराचे आकडे कुठून आणायचे? सुरुवातीला अंदाजानेच. पण काम संपलं की प्रत्येक मुदत असलेल्या सबटास्कची ठरलेली आणि खरी तारीख शेजारी शेजारी लिहा. काही ऑर्डरी झाल्या की खऱ्या दिवसांतला मधला आकडा घ्या, सरासरी नको. एखाद्या ऑर्डरला मीटर फार उशिरा आलं की सरासरी बिघडते. बदल टेम्प्लेटमध्ये करा, चालू ऑर्डरीत नव्हे. उशीर झालेल्या ऑर्डरीतल्या तारखा पुढे ढकलून यादी हिरवी करणं ही सवय लागली तर खरे आकडे तुमच्याकडे कधीच जमा होणार नाहीत. सॉफ्टवेअर मूळ तारीख वेगळी जपून ठेवत असेल, मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये त्याला बेसलाइन म्हणतात, तर ती पहिल्याच दिवशी जतन करा.

आता तुमच्या आत्ताच्या चालू ऑर्डरींचं. त्यांना नवं टेम्प्लेट लावू नका, सगळं विस्कटेल. प्रत्येक चालू ऑर्डर उघडा, बाहेरच्या घटनेवर अवलंबून असलेल्या सबटास्कवरची मुदत आणि नाव काढा, त्याच्या जागी पाठपुराव्याचा एक सबटास्क घाला, आणि जे खरोखर उशिरा झालेलं आहे त्यालाच लाल राहू द्या. नव्या ऑर्डरींना नवं टेम्प्लेट. पहिल्या दोन ऑर्डरी कमी घाईच्या, ओळखीच्या ग्राहकाच्या निवडा, आणि त्यांच्या सबटास्कची यादी फिटर आणि इलेक्ट्रिशियनला सोबत बसवून वाचा. ‘दोन दिवसांत होत नाही साहेब, केबल टाकायलाच दीड दिवस जातो’ असं त्यांच्यातलं कुणी म्हणालं, तर तो आकडा लगेच टेम्प्लेटमध्ये बदला, त्यांच्यासमोरच.